आतून रंगविलेली मोटार

रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत रेल्वे स्थानकाला लागूनच भिसेगाव वसलेले आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक आगगाड्या कर्जतला थांबतात. कारण येथून पुढे बोरघाटाची चढण लागते. १८६३ साली हा लोहमार्ग खुला झाला. त्याचा चढ काही ठिकाणी इतका आहे, की गाडी सदतीस फूट पुढे जाते, तेव्हा एक फूट वर चढते. एवढी चढण ओलांडण्यासाठी अनेक गाड्यांना कर्जतला मागल्या बाजूने जादा इंजिने जोडतात. पुढच्या डब्यातील प्रवाशाला ती दिसत नाहीत. पण गाडी घाट चढते ती त्यांच्याही बळावर. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पाठाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

समजा, याच भिसेगावातील एका घराच्या पडवीत बारा वर्षांचा एक मुलगा बसला आहे. त्याच्या हातात मोटारीचे एक कवच आहे. ते वीतभराहून थोडे लांब आहे आणि काचेसारखे पारदर्शक आहे. त्याला दारे आहेत, खिडक्या आहेत, दिव्यांच्या जागाही आहेत. परंतु रंग मात्र कुठेच नाही. बिनतारी यंत्राने दुरून चालविण्याच्या खेळण्यातील मोटारीवर हे कवच बसावयाचे आहे. मोटारीचे जुने कवच पडून, आपटून फुटले. नव्या कवचासाठी मुलाने खाऊचे पैसे कित्येक महिने साठविले होते. कवच एकच आहे. ते बिघडले, तर दुसरे आणण्यासाठी पुन्हा तितकेच महिने थांबावे लागेल.

अशा मोटारी कशा चालतात, ते प्रथम थोडक्यात पाहू. चालविणाऱ्याच्या हातातील यंत्र बिनतारी लहरी सोडते. मोटारीतील दुसरे यंत्र त्या लहरी ग्रहण करते आणि त्यांच्या इशाऱ्याप्रमाणे चाके वळविते, वेग वाढविते किंवा कमी करते. तारेवाचून दुरून काम करवून घेण्याची ही कल्पना जुनी आहे. १८९५ साली कोलकाता येथे जगदीशचंद्र बसू यांनी बिनतारी लहरींच्या साहाय्याने भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्यावरील एक लहानशी नौका दुरून चालविली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. पुढे १९६६ साली इटलीतील एका कंपनीने अशी खेळण्यातील मोटार बाजारात आणली. ती खऱ्या मोटारीच्या एक बारांश आकाराची होती. १९७६ पासून जपानमधील तामिया या कंपनीच्या मोटारी जगभर पसरल्या आणि मोटारीचे कवच आपल्या हाताने, आपल्या मनासारखे रंगविण्याचा छंदही त्यांच्याबरोबर वाढला.

शर्यतीच्या मोटारींची कवचे बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असतात. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी, एकमेकांचे काम ठाऊक नसताना, हा पदार्थ शोधून काढला. तो काचेसारखा स्वच्छ असतो, पण काचेसारखा ठिसूळ नसतो. आपटला तर वाकतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. कवच करताना या प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून मऊ करतात, तो साच्यावर अंथरतात आणि खालून हवा शोषून घेतात. हवा निघून जाताच पत्रा साच्याला घट्ट चिकटतो व त्याचा आकार घेतो.

आता खरा प्रश्न असा, की असे कवच रंगवावे कोणत्या बाजूने? भिंत, पेटी, होडी, बैलगाडी या साऱ्या वस्तू आपण बाहेरून रंगवितो. हे कवच मात्र आतून रंगवितात. त्याचे कारण उघड आहे. मोटार दगडांवर घासते, भिंतीवर आदळते, कोलांट्या खाते. रंग बाहेर असता, तर तो चार दिवसांत खरवडून गेला असता. रंग आत असला, की सारे ओरखडे पारदर्शक प्लॅस्टिकवर पडतात आणि रंग त्याच्या आश्रयाला सुरक्षित राहतो. शिवाय बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभाग तसाच राहिल्यामुळे रंगाला पाणीदार चकाकी येते.

परंतु बाजू बदलताच कामाचा सारा क्रमही बदलतो. बाहेरून रंगविताना शेवटचा हात सर्वांत वर येतो. आतून रंगविताना पहिला हात सर्वांत पुढे दिसतो आणि नंतरचे सारे हात त्याच्यामागे लपतात. म्हणून जे सर्वांत नाजूक, सर्वांत ठळक दिसावयाचे, ते सर्वांत आधी करावे लागते. आणि एकदा चुकले, तर त्यावर दुसरा हात फिरवून चूक झाकता येत नाही. दुसरा हात चुकीच्या मागे जातो, पुढे येत नाही.

ही विद्या आपल्याकडे अगदीच अनोळखी नव्हे. अठराव्या शतकात चीनमधील कँटन बंदरातून काचेच्या मागल्या बाजूने रंगविलेली चित्रे जहाजांतून भारतात येऊ लागली. येथील चित्रकारांनीही ती कला आत्मसात केली. देवदेवता, राजे, सरदार आणि सजलेल्या स्त्रिया यांची चित्रे ते काचेवर काढू लागले. मराठे राजांच्या तंजावरातही ही कला बहरली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे आजही पाहावयास मिळतात. काचचित्र काढणारा चित्रकार प्रथम डोळ्यांच्या रेघा, दागिन्यांतील मोती, वस्त्राची किनार काढी. मग चेहरा व वस्त्र यांचे रंग भरी. आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी रंगवी. शिवाय त्याला प्रत्येक वस्तू उलटी काढावी लागे. त्याचा जरा विसर पडला, की उजव्या हातातील तलवार डाव्या हातात जाई.

कवच रंगविण्याचे साधन मात्र कुंचला नव्हे. कुंचल्याचे फटकारे पारदर्शक प्लॅस्टिकमधून स्पष्ट दिसतात. त्यासाठी एअरब्रश, म्हणजे हवेचा कुंचला वापरतात. तो लेखणीसारखा हातात धरावयाचा असतो. त्याच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते आणि त्यात तितकीच बारीक सुई बसविलेली असते. नळीतून दाबाखालील हवा वेगाने बाहेर पडते, तेव्हा छिद्राच्या तोंडाशी हवेचा दाब कमी होतो आणि वाटीतील पातळ रंग तिकडे ओढला जातो. हवेच्या झोताने त्याचे सूक्ष्म तुषार होतात व ते समोर जाऊन बसतात. बोटाखालील कळ खाली दाबली, की हवा सुटते. तीच मागे ओढली, की सुई मागे सरून रंग सुटतो. जितकी कळ मागे, तितका रंग अधिक. हे सारे एका बोटाच्या हालचालीवर अवलंबून असते. म्हणून या कामात हात स्थिर हवा आणि मनही स्थिर हवे.

फुंकरीने रंग उडविण्याची युक्ती मानवाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर एका गुहेच्या भिंतीवर मानवी हाताची आकृती आहे. कोणीतरी भिंतीवर पंजा टेकविला आणि भोवती रंग उडविला. पंजा उचलताच त्याच्या आकाराची मोकळी जागा उरली. ही आकृती किमान ३९,९०० वर्षांपूर्वीची असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. झाकावयाचे ते झाकावे आणि उरलेल्या जागी रंग उडवावा, ही युक्ती आजही तीच आहे. पंजाच्या जागी आज चिकटपट्टी आली, एवढेच. यंत्राचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. १८७६ साली अमेरिकेतील फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली यांनी रंगाचे तुषार उडविणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. हेच स्टॅन्ली पुढे आपल्या जुळ्या भावासह वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवू लागले. अशा रीतीने रंगाचा फवारा आणि मोटार यांची गाठ फार पूर्वीच पडली होती.

रायगड जिल्ह्यात रंगाच्या फवाऱ्याचे काम पाहावयाचे असेल, तर पेण येथे जावे. गणेशमूर्तींसाठी पेणचे नाव महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांत मूर्तीच्या अंगाला कांती देण्यासाठी, गालांवर व सोंडेवर हलकी छटा आणण्यासाठी रंगाचा फवारा वापरतात. एका रंगातून दुसरा रंग केव्हा सुरू झाला, हे कळूही नये, अशी ती छटा असते. मग पितांबर, अलंकार, मुकुट हे क्रमाने रंगतात. सर्वांत शेवटी, अतिशय बारीक कुंचल्याने, डोळ्यांची आखणी होते. डोळे आखणारा कारागीर निराळाच मानाचा असतो. डोळे उघडले, की मूर्ती सजीव भासू लागते.

आपल्या गोष्टीतील मुलाचे मामा अशाच एका कारखान्यात काम करतात. कवच घरी आले ते श्रावणात. त्याच दिवशी ते रंगवावे, असे मुलाला वाटले. मामांनी मात्र निरोप पाठविला, "दिवाळीपर्यंत थांब." मुलगा हिरमुसला. परंतु मामांच्या म्हणण्याला दोन कारणे होती. एक तर गणेशोत्सव संपेपर्यंत त्यांना मान वर करावयास फुरसत नव्हती. दुसरे कारण पावसाचे. कर्जतच्या परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत हवा ओलीचिंब असते. रंगातील द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील ओल त्यावर बसते. मग रंगावर पांढुरकी झाक येते व चकाकी नाहीशी होते. कोरड्या हवेची वाट पाहणे हाही या कामाचा एक भाग आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मामा आले. त्यांनी हवा दाबणारे छोटे यंत्र आणि एअरब्रश बरोबर आणला होता. मुलाने आपला बेत सांगितला. त्याला कवचावर भिसेगावातून दिसणारी संध्याकाळ रंगवावयाची होती. खाली सह्याद्रीची काळी रांग, तिच्यावर तांबूस आकाश, मग केशरी, आणि टपावर पिवळा प्रकाश. दोन्ही दारांवर काळ्या डोंगरात पांढऱ्या रंगाचा सातचा आकडा.

"मामा, आधी सगळीकडे पिवळा मारू आणि मग वर काळे डोंगर काढू ना?" मुलाने विचारले.

मामा हसले. म्हणाले, "आमच्या पेणला तसेच करतात. आधी अंग, शेवटी डोळे. तुझ्या या मोटारीत सारेच उलटे आहे. हिचे डोळे आधी उघडावे लागतील."

मोटारीचे डोळे म्हणजे तिचे दिवे. पण मामांनी लगेच रंगाला हात घातला नाही. त्यांनी कवच कोमट पाण्यात, भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने आतून धुवावयास लावले. साच्याचा तेलकटपणा किंवा बोटांचे ठसे राहिले, तर तेथे रंग धरत नाही. कवचाच्या बाहेरील बाजूस कारखान्यातूनच एक पातळ पापुद्रा चिकटविलेला होता. तो मात्र तसाच ठेविला. काम संपल्यावर तो सोलला, की बाहेर उडालेला रंग त्याच्याबरोबर निघून जातो. रंगही पॉलिकार्बोनेटसाठी मुद्दाम तयार केलेलाच आणला होता. इतर काही रंगांतील द्रवाने या प्लॅस्टिकला तडे जातात. काही रंग वाळून कडक होतात आणि कवच वाकताच त्यांचे पोपडे निघतात.

पडवी तिन्ही बाजूंनी मोकळी होती. जवळ चूल किंवा दिवा नव्हता, कारण अशा रंगांची वाफ पेट घेते. दोघांनीही नाकातोंडावर मुखवटे चढविले. पेणच्या कारखान्यात फवाऱ्याचे काम करताना मामा तो कधीही विसरत नसत.

प्रथम खिडक्या झाकल्या. मग दिव्यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेवून त्यांवर चंदेरी रंगाचा फवारा दिला. चंदेरी रंग दाट असतो. त्याच्यामागे कोणताही रंग आला, तरी तो पुढे डोकावत नाही. तो वाळल्यावर पुढचा प्रश्न आला: काळा आधी की पिवळा?

मामांनी मुलाच्या बहिणीची काळी पाटी आणि एक पातळ पांढरा कागद घेतला. पाटीवर कागद ठेवला. कागद मळकट दिसू लागला. मग कागदावर पाटी ठेवली. कागद मुळीच दिसेना. मुलाच्या ध्यानात आले. गडद रंग मागे असला, तर तो फिक्या रंगातून डोकावतो. फिका रंग गडद रंगाच्या मागे असला, तर काहीच बिघडत नाही. म्हणून आतून रंगविताना आधी गडद आणि मग फिका, हा नियम. काळा, मग तांबडा, मग केशरी, मग पिवळा आणि शेवटी पांढरा.

सातचा आकडा पांढरा हवा होता. म्हणजे त्याची जागा अखेरपर्यंत झाकून ठेवणे आले. मुलाने चिकटपट्टीवर सात काढला, वडिलांनी तो धारदार पात्याने कापून दिला. तसाच दुसराही कापला. मुलाने दोन्ही सात दारांच्या आतल्या बाजूस चिकटविले, बोटाने कडा दाबल्या आणि समाधानाने पाहिले. सात अगदी नीट दिसत होते.

मामा तोवर रंग दुधाइतका पातळ करण्यात गुंतले होते. मग त्यांनी एअरब्रश मुलाच्या हाती दिला. "हात आधी हलू दे, मग रंग सोड. रंग आधी बंद कर, मग हात थांबव. एकाच जागी थांबलास, तर ओघळ येईल. एका हातात सारे झाकावयाचे नाही. पातळ थर दे, वाळू दे, मग पुढचा दे."

डाव्या दाराकडून काम सुरू झाले. पहिला थर धुरासारखा पुसट उमटला. तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. हळूहळू डोंगर काळाभोर झाला. मुलाचा हात बसला. त्याला वाटले, आपल्याला हे जमले.

इतक्यात त्याची धाकटी बहीण अंगणातून पडवीपाशी आली. ती कवचाच्या बाहेरच्या बाजूस उभी होती. तिने विचारले, "दादा, तू सात उलटा का रे काढलास?"

मुलाने कवच फिरविले आणि त्याचा चेहरा पडला. आतून सरळ दिसणारा सात बाहेरून उलटा दिसत होता. रुग्णवाहिकेच्या पुढल्या भागावरील अक्षरे मुद्दाम उलटी लिहितात, कारण पुढच्या गाडीच्या चालकाने ती आरशात वाचावयाची असतात. मुलाने ती अक्षरे अनेकदा पाहिली होती. तरीही ऐन वेळी त्याला त्याची आठवण झाली नव्हती.

"पुसून टाकू?" त्याने घाईघाईने विचारले व फडक्याकडे हात नेला.

मामांनी त्याचा हात धरला. "थांब. हा रंग प्लॅस्टिकमध्ये मुरून बसतो. द्रावण लावून पुसू गेलास, तर प्लॅस्टिक धुरकटेल आणि शेजारचा चंदेरी दिवाही जाईल."

"मग वरून रंग देऊन झाकू?"

"वरून म्हणजे कुठून? तुझा प्रत्येक नवा थर मागे जाणार. पुढे येणार नाही."

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे कवच फुकट गेले."

मामांनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, "रंग कुठे बसला आहे आणि कुठे अजून बसलेला नाही, ते नीट पाहा."

मुलाने कवच उजेडाकडे धरले. डोंगर काळा झाला होता. परंतु पट्टीखालची जागा अजून कोरी होती. तेथे कोणताच रंग पोहोचला नव्हता. उलटा सात म्हणजे एक मोकळी जागाच होती. ती पांढऱ्याने भरली तर सात दिसेल, काळ्याने भरली तर डोंगर होईल. त्याने पट्टी अलगद सोलली आणि त्या जागी काळ्याचे तीन पातळ थर दिले. पाहता पाहता सात डोंगरात मिसळून गेला. डाव्या दारावर आता आकडा येणार नव्हता. पण कवच वाचले होते.

उजव्या दारावर काळा रंग अजून लागला नव्हता. तेथील पट्टी मुलाने काढली. तिला गोंद एकाच बाजूस असल्यामुळे ती उलटून लावता येईना. वडिलांनी नवा सात कापला, तोही आरशात दिसतो तसा. मुलाने तो चिकटविला. आतून तो चुकलेला दिसत होता आणि ते पाहून त्याला चैन पडेना. त्याने बहिणीला हाक मारली, कवचाची बाहेरची बाजू तिच्यासमोर धरली आणि म्हटले, "वाच."

"सात," ती म्हणाली.

तेव्हाच त्याने एअरब्रश हातात घेतला.

उरलेला दिवस संथपणे गेला. उजवीकडील डोंगर झाला. त्याच्या कडेवर तांबडा फवारा आला, तो वर जाताना विरळ होत गेला. त्याच्यामागून केशरी, केशरीमागून पिवळा. दोन रंगांमध्ये रेघ कुठेच नव्हती. हीच ती पेणच्या मूर्तीच्या गालावरील छटा. मामांनी ती भिसेगावच्या आकाशात उतरवावयास शिकविली होती. मग उजव्या सातवरची पट्टी काढली आणि साऱ्या कवचावर मागून पांढरा रंग दिला. सातची जागा पांढरी झाली. उरलेला पांढरा रंग मात्र इतर रंगांच्या मागे गेला आणि दिसेनासा झाला.

"जो दिसत नाही, तो एवढा कशासाठी द्यावयाचा?" बहिणीने विचारले.

मामांनी पिवळ्या रंगाचा एक नमुना दाखविला. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर नुसता पिवळा होता. तो फिकट, निस्तेज दिसत होता. त्याच तुकड्याच्या अर्ध्या भागाला मागून पांढरा दिला होता. तेथे पिवळा उजळून निघाला होता. पिवळा, केशरी, तांबडा हे रंग पातळ असतात. त्यांच्यातून गेलेला प्रकाश मागच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, तेव्हाच ते तेजस्वी दिसतात. पुढे दिसणाऱ्या रंगाचे तेज मागल्या न दिसणाऱ्या थरावर अवलंबून असते.

दुसऱ्या दिवशी रंग पुरता वाळल्यावर खिडक्यांवरील पट्ट्या निघाल्या. शेवटी मुलाने बाहेरील पातळ पापुद्र्याचे टोक नखाने उचलले आणि तो हळूहळू सोलून काढला. त्याखालून काचेसारख्या चकाकीत सारी संध्याकाळ प्रकट झाली. काळी रांग, तांबूस क्षितिज, पिवळे टप आणि समोर दोन चंदेरी दिवे. उजव्या दारावर पांढरा सात ठसठशीत उमटला होता.

बहीण डावीकडे वळून म्हणाली, "पण या बाजूला सात नाही."

"आहे," मुलगा म्हणाला. त्याने कवच तिरप्या उन्हात धरले. काळ्या डोंगरात, दोन वेळा दिलेला काळा जेथे मिळाला होता तेथे, केसाएवढी पुसट रेघ दिसत होती. ज्याला ठाऊक असेल, त्यालाच ती ओळखता आली असती. मुलाने ती कोणापासून लपविली नाही.

त्याच वेळी स्थानकावरून एक गाडी घाटाकडे निघाली. पुढचे डबे वळणाआड गेले आणि सर्वांत मागे, गाडीला रेटणारी इंजिने दिसली. बहिणीने नेहमीप्रमाणे पुढच्या डब्यांकडे पाहून हात हलविला. मुलाने मात्र इंजिने दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्याकडे पाहिले, आणि मग तो कवच मोटारीवर बसवावयास आत गेला.

अभ्यास

१. मोटारीचे कवच आतून रंगविण्याची दोन कारणे सांगा.
२. पेणच्या मूर्ती रंगविण्याचा क्रम आणि पारदर्शक कवच रंगविण्याचा क्रम यांत कोणता फरक आहे? तो का पडतो?
३. आतून रंगविताना गडद रंग आधी का देतात? मामांनी ते कसे पटवून दिले?
४. "रंग कुठे बसला आहे आणि कुठे अजून बसलेला नाही, ते नीट पाहा." मामांच्या या सांगण्याचा मुलाला कसा उपयोग झाला?
५. कर्जतला गाडीमागे जोडलेली इंजिने आणि कवचाच्या मागे दिलेला पांढरा रंग यांत तुम्हांस कोणते साम्य दिसते? आपल्या शब्दांत पाच ओळी लिहा.
६. एका काचेच्या तुकड्यामागे आपले नाव लिहिलेला कागद, अक्षरे काचेकडे करून धरा व दोन्ही बाजूंनी पाहा. मग काचेच्या मागून लिहिलेले आपले नाव पुढून सरळ वाचता यावे म्हणून ते कसे लिहावे लागेल, ते वहीत लिहून दाखवा व आरशासमोर धरून तपासा. काच मोठ्या माणसांच्या देखत हाताळा.